तुळशीपासून स्टेजपर्यंत

माघ लागला की वाटूर फाट्यामागच्या बागेतून मोसंबीच्या बहराचा वास येतो. सकाळी स्टुडिओचं शटर वर करता करता तो आधी आत शिरतो आणि त्याच्या मागोमाग कुणीतरी लग्नाची तारीख घेऊन शिरतं. पंचवीस वर्षं झाली, हा क्रम काही चुकलेला नाही. बाहेर रस्त्यावर कडब्यानं भरलेल्या ट्रॉल्या डुलत चाललेल्या असतात, चहाच्या गाड्यावर पत्रिका वाटणारे टेकलेले असतात, आणि मी दारात नाक वर करून उभा असतो. बायको, नंदा तिचं नाव, आतून म्हणते, "वास घेऊन झाला असंल तर झाडू घ्या हातात."

यंदा तो वास आला आणि मला तारखांच्या आधी लेन्स आठवली. फोटोवाल्याचं डोकंच असं. माणसाला बहरावरून मोसंबी आठवावी, आम्हाला काच आठवते.

लेन्स म्हणजे सत्तर-दोनशे. आमच्या धंद्यात तिला एवढंच म्हणतात. लांबचं जवळ आणणारी, वीतभर लांब, दीड किलोची, आणि मंडपातल्या अंधुक उजेडातसुद्धा न कुरकुरणारी. मोठमोठ्या शहरांतले लोक ती गळ्यात अडकवून फिरतात. आमच्याकडं त्या पैशात दारात नवी मोटरसायकल उभी राहते, आणि मोटरसायकलवर बायको-पोरं बसतात, लेन्सवर कुणी बसत नाही.

परवा राजूरहून एका फोटोग्राफरचा फोन आला. ओळख ना पाळख. "भाऊ, तुम्ही सत्तर-दोनशे वापरता म्हणे. घेण्यासारखी हाय का? एका शब्दात सांगा." एका शब्दात! अरे बाबा, मला स्वतःला 'हो' म्हणायला अख्खी एक लग्नसराई लागली. मी म्हटलं, सांगतो नंतर, आणि फोन ठेवला. तेव्हापासून ती मागची लग्नसराई डोक्यातून जायला तयार नाही.

मागच्या माघात मी घनसावंगीला रशीदभाईंच्या दुकानात गेल्तो. रशीदभाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. आमच्या भागात लग्नाचे रंगीत फोटो त्यांनी काढावेत आणि बाकीच्यांनी बघून शिकावं, असे दिवस मी पाहिलेत. त्यांनी खालच्या खणातून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढला. त्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, त्यावर भाभींची मऊ जुनी ओढणी, आणि ओढणीत ती. कोपरे कुठं कुठं घासलेले, पण काच अशी स्वच्छ की तिच्यात दुकानाचं दार, दाराबाहेरची जीप आणि जीपमधली माणसं सगळी उलटी दिसत होती.

"मनगट आता बिलकुल ऐकत न्हाई," ते म्हणाले. "आता फ्लेक्स छापून राह्यलो, बसून काम. हिला विकायचीच हाय. पण तुला आज न्हाई विकत."

"का बरं?"

"आज तू हिच्या सुरतीवर खूश हाय. एक सीझन वापर. मंग हो म्हण का न्हाई म्हण, मला राग न्हाई. जल्दी बिलकुल करू नको."

आता असा विकणारा माणूस तुम्ही कुठं बघितलाय का? मी डबा मांडीवर घेऊन शेअरिंग जीपमध्ये बसलो आणि वाटूरपर्यंत दर खड्ड्याला डब्यावर दोन्ही हात ठेवत आलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "पेढे हायेत का?"

पहिले आठ दिवस मी कामाचं काही केलंच नाही. नुसता बघत सुटलो. फाट्यावर थांबलेल्या एसटीच्या ड्रायव्हरच्या पापण्यांवरची धूळ बघितली. रस्त्यापलीकडं ज्वारी काढणाऱ्या बायांची रांग बघितली. त्यातली एक दर दहा-बारा ताटांनंतर कंबर सरळ करून उगीच फाट्याकडं बघायची, जणू कुणी यायचं होतं. तारेवरचा वेडा राघू बघितला, त्याच्या चोचीत माशी होती आणि माशीचे पंख मोजता येत होते. झूमची ती रिंग फिरवताना कुठं अडकणं नाही, आवाज नाही. ज्यानं ही बनवली असेल त्या कारागिराचे हात बघावेत असं वाटायचं. खरं सांगतो, वस्तूवर माणसाचा जीव जडतो तो असा.

आणि मंडपात? मंडपाचं कापड गुलाबी असलं की सगळं गाव गुलाबी होतं, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. त्या तसल्या उजेडातही ही लेन्स एका माणसाला अलगद बाजूला काढायची. मागचे स्पीकर, खुर्च्या, जेवणाच्या पंगतीची गडबड सगळं विरघळून जायचं आणि उरायचा एक चेहरा.

त्याआधी मी पंचवीस वर्षं छोटी लेन्स लावून माणसांच्या अंगावर जात आलो. लग्नातला फोटोवाला म्हणजे दुसरा भटजीच. "मामा, जरा मागं सरा. नवरदेव, हसा हो, हसायला हुंडा लागत न्हाई. ताई, इकडं बघा. इकडं. माझ्याकडं." हे 'इकडं बघा' मी किती हजार वेळा म्हटलं असेल देव जाणे. माझ्या सगळ्या अल्बमांत सगळी माणसं माझ्याकडंच बघतायत. आता लांब उभं राहिलो आणि पहिल्यांदा कळलं, मी 'इकडं बघा' म्हटलं नाही तर माणसं कुठं कुठं बघतात ते. नवरदेवाचा बाप कोपऱ्यात एकटाच, ओठ हलवत, म्हणायचं भाषण पाठ करत होता. दोन भाऊबंद, बांधावरून बोलणं तुटलेले, एकाच काडीवर विडी पेटवत होते आणि तरी एकमेकांशी बोलत नव्हते. आचारी कढईतलं वरण तळहातावर घेऊन चाखत होता आणि त्याचे डोळे मिटले होते. मी झाडाआड उभा राहून मनातल्या मनात वा वा करायचो.

नंदाला हे पसंत नव्हतं. अल्बमची पानं कॉम्प्युटरवर तीच मांडते, त्यामुळं माझी प्रत्येक चूक आधी तिला दिसते. एकदा म्हणाली, "फोटू चांगले हायेत. पण लांबूनच बघायचं असंल तर लोक तुम्हाला कशाला बोलवतेत? लांबून तर सगळं गाव बघतंच."

मी म्हटलं, तुला कलेतलं काय कळतंय. हे वाक्य मी मागं घेतलेलं आहे, इथं नोंद असू द्या.

फाल्गुनात सुमनबाईंच्या थोरल्या मुलीचं, वैष्णवीचं लग्न आलं. घनसावंगीच्या अलीकडं त्यांची मोसंबीची बाग, बागेला लागून घर, घरासमोर लांबलचक अंगण. एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला तुळस आणि पाण्याचा हौद. तुळशीपासून स्टेज तीस पावलं. मी मोजली होती. हळदीच्या दिवशी सगळ्या बायका गाण्यात असताना सुमनबाईंनी मला तुळशीपाशी बोलावलं. उंच, काटक बाई, हळदीनं हात कोपरापर्यंत पिवळे.

"भाऊ, उद्या लग्न लागताना मी हितं असते, तुळशीला पाणी घालत. मायनं बघायचं नसतंय."

मला माहीत होतंच. आमच्याकडं मंगलाष्टका चालू असताना नवरीची आई मांडवाकडं पाठ करून तुळशीला पाणी घालते. लेकीला आईचीच दृष्ट लागू नये म्हणून म्हणा, आईचा जीव तुटू नये म्हणून म्हणा.

"माझ्या मायनं माझं न्हाई बघितलं, मी लेकीचं न्हाई बघायची," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या फोटूत बघीन. बाकी काही कमी-जास्ती होऊ द्या. हार घालतानाचा तेवढा बराबर काढा."

"मोबाइलमध्ये शंभर जण काढतील की बाई."

"त्यात कुणाचं काय दिसतंय? दाखवतेत अन् लगेच पुढं सरकवतेत. मला अल्बमात बघायचंय. निवांत, माझ्या हातानं पान उलटून."

"काळजीच सोडा," मी म्हणालो. असं म्हणायची आपल्याला सवयच असते, नाही का.

दुसऱ्या दिवशी माझ्या अंगात ती लेन्स भिनलेली होती. मी ठरवलं, स्टेजवर चढायचंच नाही. तुळशीपाशीच, सुमनबाईंच्या शेजारी उभं राहून तीस पावलांवरून हार काढायचे. असा फोटो आमच्या तालुक्यात कुणी काढला नसेल! मंगलाष्टका सुरू झाल्या. वैष्णवीचे मामा माइकवर, सूर कुठं आणि शब्द कुठं. अक्षता म्हणून कुंकवात रंगवलेली ज्वारी मुठीमुठीत. शेजारी सुमनबाई मांडवाकडं पाठ करून उभ्या, तांब्यातलं पाणी सगळ्या मंगलाष्टकांना पुरलं पाहिजे म्हणून धार अगदी दोऱ्याएवढी. ती धार मातीत पडायचा आवाज मला ऐकू येत होता आणि बागेतला उशिरा राहिलेला बहर मधूनच वास देत होता. दर 'सावधान'ला हात वर जायचे, ज्वारी उडायची, हात खाली यायचे. दोन कडव्यांच्या मधे मी सहज दोन-तीनदा बटण दाबलं. हात गरम राहावा म्हणून.

आणि मग शेवटचं 'सावधान'. अहो, अख्खा मांडव उभा राहिला! फेटे, टोप्या, खांद्यावर उचललेली लेकरं, आणि मोबाइल धरलेले हातच हात. पंचवीस वर्षं मी त्या वेळी स्टेजवर असायचो. हा प्रकार मागून कसा दिसतो हे मी जन्मात कधी बघितलंच नव्हतं. दोनशेवर, पार टोकाला ताणलेल्या त्या सुंदर काचेत मला एका माणसाची बोटं दिसत होती, इतकी स्वच्छ की अंगठीतला खडा दिसावा. मी धावलो. तीस पावलं लग्नाच्या गर्दीत किती लांब असतात ते त्या दिवशी कळलं. पोचेपर्यंत हार गळ्यात पडले होते.

असं झालं की आम्ही "परत घाला" म्हणतो. सगळेच म्हणतात, त्यात लाज नाही. पण तोवर सुमनबाई आल्या होत्या आणि मायलेकी एकमेकींच्या गळ्यात होत्या. त्यांना सोडवून "हार काढा, परत घाला" म्हणायला जीभ रेटेना. लेकीच्या खांद्यावरून सुमनबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच विचारलं, झालं ना? मी मान हलवली. हो म्हणून हलवली. त्या खोट्या मानेनं मला पुढं पंधरा दिवस जेवण गोड लागू दिलं नाही.

नंदानं फोटो उघडले. "हार कुठंय?" मी चहा प्यायला लागलो. "हे हात कुणाचे? हे? हे बी हातच? अख्ख्या लग्नात तुम्ही पंजेच काढले का काय?" मग ती थांबली. एका फोटोवर थांबली. दोन कडव्यांच्या मधला, मी सहज दाबलेला. सगळ्यांचे हात खाली, अंतरपाट मधे, मामा कागदात डोकं घालून. आणि वैष्णवीनं मान वळवून मंडपाच्या या टोकाला बघितलेलं. डोळ्यांत पाणी काठोकाठ, पण पडलेलं नाही.

"कुणाकडं बघती ही? तुमच्याकडं?"

"माझ्याकडं कशाला बघंल?"

नंदानं फोटो मोठा करून ते डोळे बघितले. पानाच्या मधोमध तोच फोटो लावला, बाजूला दुसरं काही लावलं नाही.

अल्बम न्यायला सुमनबाई स्वतः आल्या. एसटीनं आल्या, एकट्या. स्टुलावर बसल्या आणि म्हटल्याप्रमाणं स्वतःच्या हातानं एकेक पान उलटत गेल्या. हळद झाली, सीमांतपूजन झालं. "हार?" त्यांनी विचारलं. मी सगळं खरं सांगून टाकलं. लेन्स, तीस पावलं, हात, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"काळजीच सोडा म्हणले होते तुम्ही."

एवढंच. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी पान उलटलं आणि तो फोटो आला. बराच वेळ बघत बसल्या. मग बोट त्या डोळ्यांवर ठेवलं, काढलं, पदराला पुसलं आणि परत ठेवलं.

"तुम्ही कुठं होता हा काढताना?"

"तुमच्या शेजारी. तुळशीपाशी."

"म्हंजी मी पाठ करून उभी, अन् ही..." रस्त्यावरून दोन ट्रॉल्या गेल्या. "माझ्या पाठीकडं बघून राह्यल्ती व्हय ही." नंदा उठून आत पाणी आणायला गेली आणि लवकर बाहेर आली नाही.

जाताना सुमनबाई दारात वळल्या. "हार न्हाई सापडला त्याचं मला वाईट वाटणारच, भाऊ. जन्मभर वाटणार. पण हा फोटू मोठा करून द्या."

त्या रात्रीच नाही, नंतरही कितीतरी दिवस एकच गोष्ट मला टोचत राहिली. मी स्टेजवर असतो तर काय झालं असतं? हार बरोबर मिळाले असते. आणि वैष्णवीनं मान वळवली असती त्या क्षणी मी म्हटलं असतं, "ताई, इकडं बघा." आणि तिनं ऐकलं असतं. बिचाऱ्या सगळ्याच ऐकतात. मी आजवर असे किती डोळे त्यांच्या माणसावरून उचलून माझ्यावर आणून ठेवले असतील! ती लेन्स मला आवडत होतीच, आता तिच्यापुढं थोडी मान खाली गेली. पण शब्द मोडला होता तोही तिच्यापायीच. म्हणजे तिच्यापायी नाही, माझ्या शहाणपणापायी.

लग्नसराई संपल्यावर डबा घेऊन रशीदभाईंकडं गेलो. "हो का न्हाई?" त्यांनी विचारलं. मला दोन्ही म्हणता येईना. त्यांनी हसून ओलीच्या पुड्या बदलून दिल्या आणि डबा परत माझ्याच मांडीवर ठेवला. पावसाळाभर तो आमच्या कपाटात होता. नंदा दर रविवारी न सांगता तो उन्हाला दाखवायची.

दिवाळीनंतर सुमनबाईंचा फोन आला. धाकटीचं, पूजाचं ठरलं होतं. मला वाटलं, दुसरा फोटोवाला बघितला म्हणून कळवत असतील. "भाऊ," त्या म्हणाल्या, "या वक्ती दोन्ही पाहिजेत. हार बी, अन् तसला फोटू बी." नंदानं पलीकडचं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "त्यात काय? स्टेजवर मी चढते. छोटी लेन्स माझ्याकडं. तुम्ही जा तुमच्या तुळशीला." त्याच दिवशी मी रशीदभाईंना हो कळवलं. ते एवढंच म्हणाले, "डबा बी तुलाच."

तर राजूरच्या त्या भल्या माणसाला मी काल फोन करून सांगितलं, घे. डोळे झाकून घे, अशी वस्तू माणसाच्या हाताला क्वचित लागते. पण स्टेजवर आपलं माणूस उभं कर, आणि सारखं 'इकडं बघा' म्हणायचं सोड. तो म्हणाला, "हे तर लई शब्द झाले, भाऊ."

पूजाचं लग्न मागच्या आठवड्यात झालं. बाग ऐन बहरात, अंगणभर तो वास. मी हौदापाशी, सुमनबाई तुळशीपाशी, हातात तोच तांब्या, तीच दोऱ्याएवढी धार. तीस पावलांवर स्टेजच्या कडेला नंदा कॅमेरा घेऊन उभी, पदर खोचलेला, एका मामांना दटावून मागं सारताना. माझ्या काचेत पूजा. शेवटच्या कडव्याच्या आधी तिनं मान वळवली. थोरलीनं बघितलं होतं तसंच, इकडं, आईच्या पाठीकडं. ओठ घट्ट मिटलेले. मी बोट बटणावर ठेवून थांबलो.

आणि शेजारचा धारेचा आवाज थांबला.

मी डोळा हलवला नाही. काचेत पूजाचे डोळे मोठे झाले. मग मिटलेले ओठ सुटले, आणि ती हसली. अशी हसली की मला बटण दाबायची आठवण राहिली हेच नवल. दाबलं. पुन्हा दाबलं. मग मामांनी शेवटचं 'सावधान' म्हटलं, अख्खा मांडव उभा राहिला, हात वर गेले आणि ज्वारी उडाली.

मी कॅमेरा खाली घेतला. सुमनबाई माझ्या शेजारी मांडवाकडं तोंड करून उभ्या होत्या, अर्धा भरलेला तांब्या छातीशी धरून, टाचा उंच करून बघत होत्या.

"नुसते हातच दिसतेत की हो, भाऊ," त्या म्हणाल्या.

"मला बी तसंच दिसल्तं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओल्या हातानं डोळे पुसले आणि खळखळून हसल्या.